दुसऱ्यांस लिहिते करणारे माधवराव सप्रे
(मंडळाच्या तळेगाव (श्यामजी पंत) येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करतो आणि गाव सोडून दूर गेलेल्या कुटुंबांची खुशाली विचारतो. आज आम्ही अशाच एका दूर गेलेल्या मराठी घराण्यातील लेखकाचा परिचय आपणांस करून देणार आहोत. पंडित माधवराव सप्रे हे त्यांचे नाव. हिंदीच्या अभ्यासकांत ते आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कानी पडत नाही, याची आम्हांस खंत वाटते.

आपला वर्धा जिल्हा 1956 पर्यंत ज्या प्रांतात होता, त्यातच रायपूर, बिलासपूर, जबलपूर ही नगरेही होती. त्या काळी कितीतरी मराठी घरे पोटापाण्यासाठी तिकडे गेली व तेथेच रुजली. माधवरावांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशा वातावरणात ते वाढले. पदवीधरास त्या वेळी सरकारी नोकरी सहज मिळत असे. माधवरावांनी ती पत्करली नाही. पेंड्रा येथील राजकुमारास शिकविण्याचे काम त्यांनी घेतले आणि तेथूनच जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. त्यांचे सहकारी होते वामन बळीराम लाखे व रामराव चिंचोलकर. नावे पाहा, तिघेही मराठी! ज्या भूमीचे अन्न खाल्ले, तिच्या भाषेचे ऋण फेडण्यास हे तिघे उभे राहिले. पैशाच्या अडचणीमुळे मासिक तीन वर्षांतच बंद पडले. परंतु तेवढ्या अवधीत नव्या हिंदी पुस्तकांचे साक्षेपी परीक्षण करण्याचा पायंडा त्याने पाडला. माधवरावांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा 1901 मध्ये त्यातच प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली कथा हा मान कित्येक अभ्यासक तिला देतात.

पुढे ते नागपुरास आले. 1906 मध्ये त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली, आणि लोकमान्यांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचावेत म्हणून 1907 मध्ये ‘हिंदी केसरी’ सुरू केला. 1908 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांस अटक झाली. येथे त्यांच्या आयुष्यातील अत्यंत कठीण प्रसंग आला. घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी सरकारला क्षमापत्र लिहून दिले व ते सुटले. बंधुजनहो, थोरांच्या चरित्रातील असा भाग सांगताना वक्ते बहुधा घाईने पुढे जातात. आम्हांस तसे करावयाचे नाही. कारण माधवरावांची खरी थोरवी येथूनच कळते. सुटकेचा त्यांस आनंद झाला नाही; मन पोळून निघाले. ते आपल्या वर्ध्याच्या हनुमानगडावर समर्थ संप्रदायातील श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात येऊन राहिले. मधुकरी मागून त्यांनी दिवस काढले. समर्थांचा दासबोध त्यांनी हिंदीत नेला. लोकमान्यांचा ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये मराठीत निघाला. त्याचेही हिंदी भाषांतर माधवरावांनीच केले. स्वतःचे पुष्कळसे लेखन त्यांनी टोपणनावांनी छापले. त्यांतील एक नाव होते ‘माधवदास रामदासी’.

स्वतःचे नाव असे मागे ठेवणाऱ्या या पुरुषाने दुसऱ्यांची नावे मात्र हौसेने पुढे आणली. माखनलाल चतुर्वेदी हे खंडव्याकडील एक प्राथमिक शिक्षक. ते ना माधवरावांच्या मातृभाषेचे, ना नात्यागोत्याचे. तथापि त्यांच्या लेखणीचे सामर्थ्य माधवरावांनी ओळखले. 1920 साली जबलपुरास ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्यासाठी माधवरावांनी अपार खटपट केली. संपादकाच्या आसनावर मात्र माखनलालांस बसविले. माखनलाल त्यांस गुरुस्थानी मानीत. पुढे 1955 मध्ये साहित्य अकादमीचा हिंदीतील पहिला पुरस्कार माखनलालांस मिळाला. तो पाहण्यास माधवराव हयात नव्हते. 1924 मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवून 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरात ते निवर्तले होते. पेरणाऱ्यास पीक पाहावयास मिळतेच असे नाही, हे शेती करणाऱ्या आपल्या लोकांस वेगळे सांगावयास नको. भोपाळ येथे 1984 मध्ये त्यांच्या नावाने वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले आहे. तिकडे जाणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. आपली मुले पुणे-मुंबईस जातात, सातासमुद्रापलीकडेही जातात. त्यांच्या पगाराचे आकडे आपण अभिमानाने सांगतो. पण गावातील एखादी मुलगी वहीत कविता लिहिते, एखादा तरुण शेतावरून आल्यावर कंदिलाच्या नाही तरी विजेच्या दिव्याखाली कथा लिहीत बसतो, त्यांची विचारपूस कोण करतो? त्यांस वाचणारा, चुका दाखविणारा आणि ‘लिही, थांबू नकोस’ असे म्हणणारा माणूस हवा असतो. या स्मरणिकेची काही पाने दरवर्षी अशा नवलेखकांसाठी राखून ठेवावीत, दूरच्या सभासदांनी त्यांस ग्रंथ पाठवावेत, आणि आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांनी त्यांची हस्तलिखिते विनामूल्य तपासावीत, अशी आमची सूचना आहे. आणखी एक नम्र विनंती. ही पाने ज्ञातीच्या कुंपणात अडकवू नयेत. शेजारच्या घरातील मूल लिहिते असेल, तर तेही आपलेच. माधवरावांनी माखनलालांची लेखणी पाहिली. कूळ विचारले नाही.

ज्ञातिसंस्थेची शोभा तिच्या इमारतीने वाढते खरी. परंतु तिच्या आधाराने किती हात लिहिते झाले, यावरून पुढची पिढी तिला ओळखील.