पत्र कोणाचे?



पत्राच्या वर पाठवणाऱ्याचे नाव हवे, हे आपण मराठीच्या तासाला शिकलो. आज मी कंपन्यांकडून ग्राहकांना जाणाऱ्या मेसेजचेच काम करते. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरे मावतात, देवनागरीची फक्त 70. मराठी लांबली की पैसे दुप्पट. म्हणून बहुतेक मेसेज इंग्रजीतच. नंदुरबारला माझी आई ते शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यायची, अगदी ओटीपीसुद्धा!

आता आरसीएस या नव्या पद्धतीत ऐसपैस मराठी, फोटो, उत्तरासाठी बटणे आणि वर पडताळलेल्या कंपनीचे नाव येते. आई स्वतः वाचते. पण फोटो आणि बटणे फसवणाऱ्यालाही वापरता येतात. म्हणून तिला एवढेच सांगितले आहे: बटण दाबण्याआधी वरचे नाव बघ. गुरुजी, धडा तुमचाच आहे.