हंस आणि श्वास
हैदराबादची तहान भागविणाऱ्या मांजरा जलाशयावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात. मस्तकावर दोन काळे पट्टे असलेले हे पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. ७,२९० मीटर उंचीवर त्यांच्या उड्डाणाची नोंद झाली आहे. विरळ हवेत त्यांना तारतो तो दीर्घ श्वास. तरीही ते विनाकारण उंच राहत नाहीत. दरी आली की खाली दाट हवेत उतरतात, कारण तेथे श्रम कमी पडतात.

नीरक्षीरविवेक ही कविकल्पना होय. हंस गवत चरतो. परंतु प्रत्येक श्वासात ‘हंस’ मंत्र ऐकणाऱ्या योग्यांनी जिवाला दिलेले हे नाव यथार्थच ठरते. परमहंसपदाची वाट चालणाऱ्याने श्वास सांभाळावा, उंची मिरवू नये.