अनोळखी प्रयोगशाळेंत

एखादा हुषार तरुण नव्या, यंत्रविद्येच्या कामावर रुजू होतो. घरीं पेढे वांटले जातात. पण आठ दिवसांनीं तोच मुलगा संध्याकाळीं मुकाट्यानें जेवून उठतो. कचेरींतील बोलणें त्याच्या डोक्यावरून जातें, सहकाऱ्यांच्या बोटांखालीं यंत्रें निमूट चालतात, आणि आपली निवड कोणाच्या तरी चुकीनें झाली असें त्याला वाटूं लागतें. संगणकाच्या युगांत हें दुःख घरोघर आढळतें. परंतु तें नवें नाहीं. मायकेल फॅराडे यानें तें दोनशें वर्षांपूर्वीं भोगलें होतें.

फॅराडे हा एका लोहाराचा मुलगा. जन्म १७९१ चा. लिहिणें, वाचणें आणि थोडें अंकगणित एवढेंच त्याचें शालेय शिक्षण. चौदाव्या वर्षीं तो लंडनमध्यें पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारीस राहिला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाची. त्यांतच विजेची व रसायनाची त्याला गोडी लागली. १८१२ सालीं त्यानें सर हंफ्री डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकलीं, त्यांचीं टिपणें सुबक बांधून त्यांच्याकडे पाठविलीं आणि काम मागितलें. डेव्हींनीं प्रथम आपला धंदा न सोडण्याचाच सल्ला दिला. पुढें जागा रिकामी झाली, तेव्हां १ मार्च १८१३ रोजीं रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत मदतनीस म्हणून त्याची नेमणूक झाली. वेतन आठवड्यास २५ शिलिंग, आणि राहावयास माळ्यावरच्या दोन खोल्या.

नोकरी मिळाली, पण मान मिळाला नाहीं. थोड्याच आठवड्यांत स्फोटक द्रव्याच्या प्रयोगांत त्याच्या हातास इजा झाली. त्याच वर्षीं आक्टोबरांत तो डेव्ही पतिपत्नींबरोबर युरोपच्या प्रवासास निघाला, तों डेव्हींच्या खासगी नोकरानें येण्याचें नाकारलें, आणि तेंही काम फॅराडेच्याच गळ्यांत पडलें. पॅरिसमध्यें आयोडीनची परीक्षा चालली असतां तो शास्त्रज्ञाचा मदतनीस असे. बिऱ्हाडीं परतला कीं चाकर. डेव्हींच्या पत्नी त्याला तशीच वागणूक देत. घरीं परत जावें असें त्याच्या मनांत आलें व त्यानें तें मित्राला लिहिलेंही. तथापि ॲम्पियर आणि व्होल्टा यांच्यासारखीं माणसें याच प्रवासांत दृष्टीस पडत होतीं. अपमान गिळून तो टिकला, आणि १८१५ सालीं लंडनला परतला.

आपल्यांत काय उणें आहे तें फॅराडेनें कधीं लपविलें नाहीं. भाषा अशुद्ध, म्हणून तिच्यांतील चुका काढण्याचें काम त्यानें एका मित्राकडे सोंपविलें. बोलणें सुधारावें म्हणून वक्तृत्वाचे धडे घेतले. गणित मात्र त्याला अखेरपर्यंत साधलें नाहीं. आपण गणितांत कच्चे आहों हें त्यानें १८२२ सालीं खुद्द ॲम्पियर यांनाच कळविलें. जें सूत्रांत दिसत नसे, तें तो प्रयोग करून डोळ्यांनीं पाही. लोहचुंबकाभोंवतीं लोखंडाचा कीस ज्या वक्र रेषांत मांडला जातो, त्यांतच त्याला शक्तीचें चित्र दिसलें. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लोखंडी कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं घेऊन त्यानें एकींत वीज सोडली. सोडतांना आणि तोडतांना दुसऱ्या वेटोळ्याशीं जोडलेली सुई क्षणभर हालली. आजच्या वीजघरांतील जनित्रें त्याच तत्त्वावर चालतात.

त्या रेषांना पुढें गणिताचें रूप दिलें तें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं. ते फॅराडेहून चाळीस वर्षांनीं लहान. १८५७ सालीं साठी उलटलेल्या, जगन्मान्य फॅराडेनें या तरुणाला पत्र लिहून विचारलें कीं, गणितज्ञांना आपले निष्कर्ष साध्या भाषेंतही सांगतां येणार नाहींत काय? परकेपणाची ती जाणीव चव्वेचाळीस वर्षांनींही पुरती गेली नव्हती. पण विचारण्याची लाज मात्र उरली नव्हती.

नव्या कामावर गोंधळलेल्या मुलाला, ‘होईल सवय’ एवढेंच सांगून घरच्यांनीं मोकळें होऊं नये. आज काय समजलें नाहीं आणि उद्यां तें कोणाला विचारशील, हे दोन प्रश्न त्याला जेवतांना विचारावेत. आणि ज्यांच्या हाताखालीं असा नवखा येतो, त्या जाणत्यांनीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, सामान उचलावयास लावलेला मुलगा कदाचित् फॅराडे असूं शकतो.