सामायिक कपाटाच्या किल्ल्या

पांचसहा माणसांची एखादी लहानशी कचेरी घ्या; वकिलाची किंवा हिशेबतपासनिसाची असते तशी. पूर्वी तेथें एक लोखंडी कपाट असे आणि त्याची किल्ली मुख्य कारकुनाच्या कनवटीला असे. आतां त्या कपाटाची जागा एका संगणकानें घेतली आहे. पक्षकारांचीं कागदपत्रें, पगारपत्रकें, वर्षावर्षांचे हिशेब हें सारें त्यांतील सामायिक फोल्डरमध्यें असतें व प्रत्येकजण आपल्या मेजावरून तो उघडतो. किल्लीचा विचार मात्र बहुधा कोणी करीत नाहीं. पहिल्या दिवशीं घाईघाईनें ‘सर्वांना पूर्ण अधिकार’ देऊन काम चालू होतें, आणि मग केव्हां तरी नवशिक्या उमेदवाराच्या हातून वर्षाचा हिशेब पुसला जातो. नेटवर्कवरून पुसलेली फाईल सहसा त्याच्या संगणकाच्या कचराटोपलींत जाऊन पडत नाहीं. ती सरळ नाहींशी होते. हें पुष्कळांच्या ध्यानांत येतें तें वेळ टळून गेल्यावर.

विंडोज प्रणालींत अशा फोल्डरला दोन दारें असतात. पहिलें शेअरचें; त्यावर वाचणें, बदल करणें आणि पूर्ण अधिकार अशा तीनच प्रकारची मुभा देतां येते. दुसरें दार खुद्द फाईल-व्यवस्थेचें, म्हणजे १९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसचें. वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आंतील खोलीचें कुलूप, असाच हा प्रकार आहे. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही दारें ओलांडावीं लागतात. म्हणून त्यांपैकीं जें अधिक कडक असेल तेंच शेवटीं चालतें. उलट, त्याच संगणकासमोर बसून काम करणारा वाड्याच्या आंतच असतो. त्याला दिंडी दरवाजा आडवा येत नाहीं. यास्तव खरें कुलूप खोलीलाच असावें.

अधिकार व्यक्तीला न देतां गटाला द्यावा, हा पहिला नियम. ‘हिशेब’, ‘पगार’, ‘पत्रव्यवहार’ असे गट करून त्यांत माणसें घालावीं. नोकरी सोडून गेलेल्याचें नांव गटांतून काढलें कीं पुरे. फोल्डरमागून फोल्डर धुंडाळीत बसावें लागत नाहीं. दुसरा नियम असा कीं, ‘मनाई’चें शस्त्र जपून वापरावें. मनाई बहुधा परवानगीवर मात करते. त्यामुळें दोन गटांत असलेला माणूस एका गटाच्या मनाईनें आपल्या हक्काच्या फाईललाहि मुकतो. मुभा न देणें हीच पुरेशी मनाई होय. तिसरा नियम परीक्षेचा. ती मालकाच्या खात्यांतून न घेतां त्या त्या नोकराच्या खात्यांतून, त्याच्याच मेजावरून घ्यावी. मालकाला बहुधा सारींच दारें उघडीं दिसतात.

प्रत्येकाला कामापुरताच अधिकार असावा, हें तत्त्व साल्टझर व श्रोडर या संशोधकांनीं १९७५ सालच्या एका निबंधांत मांडलें. आज त्याचें मोल वाढलें आहे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम ज्याच्या खात्यांतून शिरतात, त्याच्याच अधिकारानें बहुधा वावरूं लागतात. त्याचा हात जेथें पोंचत नाहीं तेथें त्यांचाहि सहसा पोंचत नाहीं. अर्थात् परवानगी असलेला हातहि चुकतो. म्हणून नेटवर्कपासून तोडून ठेवलेल्या वेगळ्या डिस्कवर एक प्रत हवीच.

किल्ली न मिळाल्यानें एखाद्या जुन्या कारकुनाचें मन दुखावण्याचा संभव असतो. त्याला समजावून सांगावें कीं, हा अविश्वास नव्हे. उद्यां पगारपत्रक फुटलें, तर ज्याच्याजवळ किल्लीच नव्हती त्याच्याकडे कोणी बोट दाखवूं शकत नाहीं.