नाव एक, मुली दोन

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



अनेक माणसांची माहिती संगणकात कशी साठवावी, हा आजचा विषय. ऐकायला रुक्ष आहे खरा, पण त्याची झळ आपल्याच घरांना बसते. मी पूर्वी एका शाळेत होतो. तेथे एकाच वर्गात दोन मुली होत्या. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सारे एकच. शिष्यवृत्तीची यादी करताना आम्ही संगणकावर नावाला नाव जुळवले. एकीचा अर्ज दुसरीच्या नोंदीत गेला. जिला गरज अधिक, तिचे त्या वर्षीचे पैसे बुडाले. दोष संगणकाचा नव्हता, यादी आखणाऱ्या आमचा होता.

जुन्या मुख्याध्यापकांना हे ठाऊक होते. म्हणून तर जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाला वेगळा क्रमांक असतो. संगणकाच्या तक्त्यात अशा क्रमांकाला 'प्रायमरी की' म्हणतात. मूल शाळा सोडून गेले तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. आपल्यात तर याची गरज फारच. कोणी 'मोहम्मद' लिहितो, कोणी 'मुहम्मद', कोणी नुसते 'मो.', 'शेख' कधी आधी, कधी शेवटी. माणूस समजून घेतो, संगणकाला मात्र ती निरनिराळी माणसे वाटतात. आधार क्रमांकच का वापरू नये, असे कोणी विचारील. प्रवेशाच्या वेळी तो प्रत्येकाजवळ असेलच असे नाही. शिवाय ती खासगी बाब आहे, यादीयादीतून फिरवण्याची नव्हे.

दुसरी चूक म्हणजे सारे एकाच तक्त्यात कोंबणे. तीन भावंडे असली की वडिलांचा मोबाईल नंबर तीनदा लिहिला जातो. नंबर बदलला, कारकुनाने एका ओळीत दुरुस्त केला, की उरलेल्या दोघांचे निरोप जुन्याच नंबरावर! म्हणून विद्यार्थ्यांचा तक्ता वेगळा, पालकांचा वेगळा. माहितीचे असे तक्ते करून समान क्रमांकांनी ते जोडण्याची कल्पना आय.बी.एम. कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली.

आता एक नाजूक गोष्ट. पालक म्हणजे वडीलच, असे धरून 'वडील' हा एकच रकाना ठेवला, तर मामाकडे वाढणाऱ्या यतीम मुलाने काय लिहावे? काही जण त्या रकान्यात मामाचे नाव घालतात, आणि पुढे दाखल्यावर तेच छापले जाते. यासाठी तिसरा, नात्यांचा तक्ता करावा. त्यात विद्यार्थ्याचा क्रमांक, पालकाचा क्रमांक आणि नाते, एवढेच. मग एका मुलाला आई आणि मामा दोघेही पालक लावता येतात, आणि एका आईला चार मुले.

विद्यार्थी मित्रांनो, संगणक नसला तरी चालेल, कागद घ्या. मोहल्ल्यातील वाचनालयासाठी सभासद, पुस्तके आणि देवघेव असे तीन तक्ते आखून पाहा. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील, तर दोघींना वेगळे क्रमांक द्या.