काउबॉय : शिलेदार की बारगीर?



आजचा विषय ऐकून एका स्नेह्याने मला सहज विचारले, "व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर गुराख्याचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. गुराखी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खांद्यावरची घोंगडी, हातातली काठी आणि सांजवेळची धूळ उभी राहते. अमेरिकन गुराखी म्हटला की घोडा, रुंद काठाची टोपी आणि कमरेचे पिस्तूल दिसते. ज्या राष्ट्राने कारखाने उभारले, पोलादी पूल बांधले, चंद्रावर माणूस उतरवला, त्या राष्ट्राने आपली ओळख म्हणून जगापुढे धरला तो गुराखी! हे कसे घडले आणि त्यात कोणावर अन्याय झाला, याचा आज आपण विचार करू.

प्रथम त्याचे कूळ पाहू. काउबॉयचे मूळ घराणे मेक्सिकोतले. स्पॅनिश भाषेत गाईला 'वाका' म्हणतात आणि तिच्या राखणदाराला 'वाकेरो'. घोड्यावर बसून गुरे वळण्याची विद्या या वाकेरोंची. लॅसो, रँच, रोडिओ हे अस्सल अमेरिकन वाटणारे शब्द स्पॅनिशमधूनच आलेले आहेत. विद्या घेतली, शब्द घेतले आणि पुढे गुरूचे नाव मात्र मागे पडले.

आता काळ पाहू. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासच्या माळरानावर लांब शिंगांची लक्षावधी गुरे मोकाट फिरत होती. तेथे एका जनावराला चार डॉलरही मुश्किलीने मिळत. उत्तरेकडील शहरांत त्याच जनावराला त्याच्या कितीतरी पट भाव होता. मधली शेकडो मैलांची वाट तुडवायची कोणी, एवढाच प्रश्न होता. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय नावाच्या व्यापाऱ्याने कॅन्सासमधील ॲबिलीन या रेल्वे ठाण्यावर गुरांचे कोंडवाडे बांधले. टेक्सासची गुरे तेथवर पायी जाऊ लागली. तेथून आगगाडीने शिकागोच्या खाटिकखान्यात. या व्यवहारातून काउबॉय जन्माला आला. त्याचा भर उणापुरा वीस वर्षांचा. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि मोकळ्या माळांना कुंपणे पडू लागली. रेल्वे टेक्सासमध्येच पोहोचली. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात उत्तरेकडील कुरणांवर गुरे थंडीने आणि उपासमारीने पटापट मेली. लांब वाटेचा जमाना संपला.

या वीस वर्षांत काउबॉय करत काय होता? अडीच-तीन हजार गुरांचा कळप आणि त्यामागे दहा-बारा माणसे. दिवसाला दहा-पंधरा मैलांची मजल. दोन-तीन महिने हाच क्रम. सर्वांत मागच्या गड्याने दिवसभर धूळ खायची. रात्री पाळीपाळीने कळपाभोवती घोडा फिरवत गुरे शांत राहावीत म्हणून हलक्या आवाजात गात राहायचे. वीज कडाडली की कळप बिथरून उधळे. त्यात घोडा ठेचकाळला तर स्वार संपला. पूर आलेल्या नद्यांत कित्येक बुडाले. गोळीबारात मेले ते थोडे. रॉबर्ट डायक्स्ट्रा या इतिहासकाराने डॉज सिटी, ॲबिलीन यांसारख्या पाच नामांकित गुरे-बाजारांच्या गावांची मोजदाद केली, तेव्हा १८७० ते १८८५ या सोळा वर्षांत पाचही गावांत मिळून ४५ खून निघाले. यांतील काही गावांत तर पिस्तूल घेऊन फिरण्यासच बंदी होती!

मजुरी महिन्याला २५ ते ४० डॉलर. आणि आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्या इतिहासात स्वाराचे दोन प्रकार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगीराला तो सरकारी पागेतून मिळायचा. काउबॉयच्या बुडाखालचे खोगीर बहुधा त्याचे स्वतःचे असे, पण घोडा धन्याचा. म्हणजे जगभर जो शिलेदार म्हणून मिरवला, तो होता बारगीर!

आणि हे बारगीर होते तरी कोण? युद्धातून परतलेले गोरे तरुण होते, मेक्सिकन होते, मूळ रहिवासी इंडियन होते, आणि गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय होते. अभ्यासकांचा एक प्रचलित अंदाज असा, की दर चार काउबॉयांत एक कृष्णवर्णीय असावा. बोस आयकर्ड हा जन्माने गुलाम. चार्ल्स गुडनाइट या बड्या पशुधनमालकाचा तो इतका विश्वासू, की गुरांच्या विक्रीची रोकड त्याच्याकडे सोपवली जाई. १९२९ मध्ये तो वारल्यावर वृद्ध गुडनाइटने त्याच्या थडग्यावर स्मृतिशिला बसवली. नॅट लव्ह हाही जन्माने गुलाम. गुरांची वाट संपल्यावर त्याने रेल्वेच्या शयनडब्यात प्रवाशांची सेवा करून पोट भरले आणि १९०७ मध्ये आत्मचरित्र लिहिले.

आता १८८३ या वर्षाकडे वळू. या एका वर्षी दोन घटना घडल्या.

पहिली टेक्सासच्या उत्तर टोकाला. तेथे पूर्वेकडील आणि विलायती भांडवलाच्या कंपन्यांनी अवाढव्य रँच घेतल्या होत्या. पूर्वी काउबॉयला स्वतःची चार वासरे पाळता येत, त्यांच्यावर स्वतःचा डाग देता येई. बारगीराने शिलेदार व्हायची तेवढीच एक वाट होती. ती अनेक कंपन्यांनी बंद केली. तेव्हा २४ काउबॉयांनी महिना ५० डॉलर मजुरीचे मागणीपत्र सह्या करून मालकांना दिले आणि संप पुकारला. आणखी कितीतरी जण त्यात सामील झाले. मालकांनी त्यांना काढून नवे गडी भरले. काही महिन्यांत संप बुडाला.

दुसरी घटना ओमाहा शहरातली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात विल्यम कोडी ऊर्फ 'बफेलो बिल' याने आपला 'वाइल्ड वेस्ट'चा खेळ सुरू केला. पुढे त्याच खेळात बक टेलर नावाचा देखणा घोडेस्वार 'काउबॉयांचा राजा' म्हणून गाजला. १८८७ मध्ये हा खेळ लंडनला राणी व्हिक्टोरियापुढेही झाला.

खऱ्या काउबॉयांचा संप मोडला आणि खोट्या काउबॉयचा खेळ रंगला, दोन्ही एकाच वर्षी! पुढची सारी कथा या योगायोगात सामावली आहे. १९०२ मध्ये ओवेन विस्टरची 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी आली. नायक काउबॉय, पण गुरांची राखण तीत फारशी दिसत नाही. १९०३ चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा गाजलेला बोलपट नव्हे, मूकपट. पश्चिमेच्या त्या कथेचे बरेचसे चित्रण झाले पूर्वेकडच्या न्यू जर्सीत! मग जॉन वेन आला, सिगारेटच्या जाहिराती आल्या. आणि बिल पिकेटसारख्या कृष्णवर्णीय रोडिओवीराला त्याच्या हयातीत कित्येक स्पर्धांची दारे बंद राहिली. राष्ट्रीय काउबॉय स्मृतिमंदिरात त्याला मान मिळाला तो १९७१ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

अमेरिकेला हे चित्र का हवेसे वाटले? कारण तेव्हा तो देश झपाट्याने कारखान्यांचा होत होता. भोंग्यावर उठणाऱ्या आणि घड्याळावर जगणाऱ्या माणसाला, ज्याच्या डोक्यावर कोणी धनी नाही असा एखादा तरी आपला माणूस हवा होता. त्याने तो काउबॉयमध्ये पाहिला. ही भूक खरी होती. तिची मी थट्टा करणार नाही. पण ती भागवताना त्या मजुराची मजुरी पुसली गेली, संप पुसला गेला, त्याचा काळा किंवा सावळा रंग पुसला गेला. 'हा देश आम्ही घडवला' असे म्हणायचा ज्यांचा हक्क होता, त्यांच्याच नातवंडांना पडद्यावर आपला आजा कधी दिसला नाही. ही हानी पैशात मोजता येत नाही.

श्रोतेहो, वीरांची चित्रे प्रत्येक समाज रंगवतो, आपणही रंगवतो. ती जरूर पाहावीत, मान उंच करून पाहावीत. फक्त पाहताना एक साधा प्रश्न विचारायला विसरू नये : स्वार तर दिसला, पण घोडा कोणाचा होता?