न उच्चारलेल्या शब्दाची साक्ष

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित मजकूर)



विषयाला आरंभ करण्यापूर्वी पंधरा शब्द सावकाश ऐकावेत. कोणीही ते लिहून घेऊ नयेत. खाट, विसावा, जाग, थकवा, स्वप्न, उशी, पांघरूण, डुलकी, घोरणे, जांभई, अंथरूण, पेंग, रात्र, शांतता, आळस. ही यादी तूर्त बाजूला ठेवू. पुढे तिचे काम पडेल.

न्यायालयात, चौकशी समितीपुढे किंवा गावच्या बैठकीत एखादा माणूस ‘हे मी प्रत्यक्ष ऐकले’ असे छातीवर हात ठेवून सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यापुढे सामान्यतः दोनच पर्याय असतात. एक तर तो खरे बोलत आहे, नाहीतर खोटे. खोटे बोलण्यात त्याचा काही स्वार्थ नाही, त्याच्यावर कोणाचे दडपण नाही, एवढे ठरले की त्याचे म्हणणे खरे मानले जाते. परंतु यात एक तिसरी शक्यता निसटते. साक्षीदार सर्वस्वी प्रामाणिक असूनही न घडलेली गोष्ट त्याला स्पष्ट आठवत असू शकते. ही शक्यता कल्पनेतली नाही. ती प्रयोगांनी पुनःपुन्हा सिद्ध झालेली आहे.

केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली स्मृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचावयास दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगावयास लावली. कथेतील अपरिचित गोष्टी हळूहळू गळून पडल्या आणि परिचित गोष्टींनी त्यांची जागा घेतली. आदिवासींच्या डोंगीची साधी होडी झाली. स्मृती ही कोठारात ठेवलेल्या धान्यासारखी जशीच्या तशी बाहेर काढता येत नाही, आठवताना मन ती नव्याने रचते, हा बार्टलेट यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

ही रचना कोणत्या धाग्यांनी होते, याचा एक मार्ग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जेम्स डीझ यांनी १९५९ साली दाखविला. त्यांनी प्रत्येकी १२ शब्दांच्या ३६ याद्या तयार केल्या. प्रत्येक यादीतील सर्व शब्द एका विशिष्ट शब्दाशी अर्थाने निगडित होते. मात्र तो मध्यवर्ती शब्द यादीतून मुद्दाम वगळलेला होता. ऐकणाऱ्यांना यादी आठवावयास सांगितली असता कित्येकांनी नेमका तो वगळलेला शब्दच सांगितला. सर्वच याद्यांनी असा परिणाम साधला नाही. यादीतील शब्द ऐकताच मध्यवर्ती शब्द सहज मनात यावा असा संबंध जेथे बळकट होता, तेथे चूक वारंवार घडली. जेथे तो दुबळा होता, तेथे जवळजवळ घडलीच नाही.

डीझ यांच्या निबंधाकडे पुढील पस्तीस वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९५ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी तो प्रयोग पुन्हा केला. पहिल्या प्रयोगात सुमारे ४० टक्के वेळा, आणि पंधरा शब्दांच्या याद्या घेऊन केलेल्या दुसऱ्या प्रयोगात सुमारे ५५ टक्के वेळा न उच्चारलेला शब्द आठवला गेला. यादीच्या मध्यभागी खरोखर उच्चारलेले शब्दही साधारण त्याच प्रमाणात आठवले होते. एवढ्यावर हे थांबले नाही. ‘हा शब्द यादीत असावा असे केवळ वाटते, की तो ऐकल्याचा क्षण आठवतो?’ असे विचारल्यावर अनेकांनी तो ऐकल्याचे आठवते असे निःशंकपणे सांगितले. जे घडलेच नाही, त्याची आठवण खऱ्या आठवणीइतकीच टवटवीत होती.

आता आरंभीची यादी आठवावी. तीत ‘झोप’ हा शब्द होता काय? या सभागृहातील किती जण मनातल्या मनात ‘होय’ म्हणाले असतील ते ज्याचे त्याने पाहावे. तो शब्द उच्चारलेला नव्हता. पंधरा शब्दांनी तो ऐकणाऱ्याच्या मनात जागा केला, एवढेच.

याचे स्पष्टीकरण अवघड नाही. ‘खाट’ म्हटले की मनात ‘झोप’ डोकावते. ‘जांभई’ म्हटले की पुन्हा डोकावते. पंधरा वेळा मनात येऊन गेलेला शब्द पुढे आठवतो तेव्हा तो कानांवाटे आला की आतूनच उगवला, हे ओळखण्याची खूण मनाजवळ उरलेली नसते. बाहेरून आलेले आणि आतून आलेले यांतील भेद पुसला जातो. हा दोष मंदबुद्धीचा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. लहान मुलांत ही विशिष्ट चूक प्रौढांपेक्षा कमी आढळते, कारण त्यांच्या मनातील शब्दांचे जाळे अजून विरळ असते. ज्या जाळ्याच्या बळावर माणूस भाषा समजतो, अर्थ लावतो, तेच जाळे त्याला फसवते. अशी चूक होते हे आधी सांगून सावध केले, तरी ती कमी होते. नाहीशी होत नाही.

यादीतील एका शब्दाने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु प्रश्नातील एका शब्दाने बिघडते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखविल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले. गाड्या ‘जोराने आदळल्या’ या अर्थाचा शब्द वापरला तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४० मैलांहून अधिक आले. एकमेकींना ‘लागल्या’ असा सौम्य शब्द वापरला तेव्हा ३१.८ मैल. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, ‘फुटलेली काच दिसली होती काय?’ चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. तरीही ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी ती पाहिल्याचे सांगितले. ‘धडकल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी. हा प्रयोग आणि शब्दांच्या यादीचा प्रयोग यांची जातकुळी अगदी एक नाही. एकात मन स्वतःच शब्द पुरवते, दुसऱ्यात विचारणारा पुरवितो. परंतु शब्द आपल्यामागून सोबतचे चित्र ओढून आणतो, हे दोन्हींत समान आहे.

प्रयोगशाळेबाहेर याची किंमत किती मोठी असते, हे कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथील एका बालशाळेच्या खटल्यात दिसले. १९८३ साली लहान मुलांवरील अत्याचाराच्या आरोपातून ते प्रकरण उभे राहिले. शेकडो मुलांना सूचक प्रश्न पुनःपुन्हा विचारण्यात आले आणि मुलांच्या कथनात अधिकाधिक विलक्षण गोष्टी येऊ लागल्या. १९९० साली खटला संपला तेव्हा एकालाही दोषी ठरविता आले नव्हते. तोवर आरोपींची आयुष्ये उद्ध्वस्त झाली होती, आणि मुलांच्या बाबतीत खरोखर काय घडले असेल ते शोधण्याची वाटही त्या प्रश्नांनीच बंद करून टाकली होती.

आपल्याकडील कायद्याला हा धोका अपरिचित नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, प्रतिपक्षाची हरकत असल्यास सरतपासणीत न्यायालयाच्या परवानगीवाचून सूचक प्रश्न विचारण्यास मनाई होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. परंतु हा पहारा न्यायालयाच्या उंबरठ्याच्या आत आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तोवर महिने, कित्येकदा वर्षे लोटलेली असतात. त्या काळात त्याचा बोलीतला वृत्तान्त जबाबाच्या ठरीव भाषेत उतरलेला असतो; शेजारी, नातलग, वृत्तपत्रे आणि पुढारी यांचे शब्द त्याच्या कानांवर पडलेले असतात. त्या काळात विचारल्या गेलेल्या प्रश्नांवर पहारा कोणाचा? जामिनाला पैसा नाही म्हणून तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्याच्या दृष्टीने हा प्रश्न शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

आणि तो कार्यकर्त्यांनाही चुकत नाही. दंगलीनंतर, अत्याचारानंतर, गोळीबारानंतर कार्यकर्ते सर्वांत आधी वस्तीत पोहोचतात. एखादी वृद्धा सांगते, ‘माणसं पळत आली.’ कार्यकर्ता वहीत लिहितो, ‘जमावाने हल्ला केला.’ मग विचारतो, ‘त्यांच्या हातांत काय काय होते?’ ‘जमाव’ आणि ‘हल्ला’ या दोन शब्दांपाठोपाठ काठ्या, दगड, पलिते आपोआप येतात. चार दिवसांनी तीच बाई ‘पलिते होते’ असे शपथेवर सांगेल, आणि ती लबाड नसेल. पुढे उलटतपासणीत ते पलिते खोटे ठरले की तिच्या जळालेल्या घराची गोष्टही संशयित ठरविली जाते. तिचे नुकसान तिच्या कैवाऱ्यानेच केलेले असते.

येथे एक आक्षेप संभवतो. स्मृती इतकी बेभरवशाची, असे म्हटले तर दुबळ्यांची साक्ष उडवून लावण्यास बलवानांना आयते हत्यार मिळणार नाही काय? हे हत्यार वापरले जाईल, यात शंका नाही. म्हणूनच प्रयोगाचा पूर्ण अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. त्या यादीनंतर कोणी ‘झोप’ ऐकल्याचे सांगेल; ‘नांगर’ ऐकल्याचे सहसा कोणी सांगत नाही. मन चुकते ते घटनेच्या अर्थाच्या दिशेने. तपशील चुकला म्हणून घटना घडलीच नाही असा निष्कर्ष काढणे, हे प्रत्येक तपशील खरा मानण्याइतकेच अशास्त्रीय आहे. जखमेची नोंद, जळलेले लाकूड, दवाखान्यातील कागद यांच्याशी साक्ष ताडून पाहावी. साक्षीदाराच्या आवाजातील ठामपणा हे खरेपणाचे माप मानू नये.

यातून कामाची शिस्त आपोआप निघते. पहिली हकिकत मध्ये न तोडता, लवकरात लवकर ऐकावी. ‘मग काय झाले?’ याहून अधिक शब्द विचारणाऱ्याने शक्यतो खर्चू नयेत. साक्षीदारांना घोळक्यात बसवून ऐकू नये. एकाचे शब्द दुसऱ्याची आठवण होतात. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवावेत. काय पाहिले, काय दुसऱ्याकडून ऐकले आणि काय वाटले, यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. शिवाय उत्तराच्या आधी, ज्या शब्दांत तो विचारला त्या शब्दांत, प्रश्नही लिहावा. आज आपल्या बहुतेक वह्यांत केवळ उत्तरे असतात. कोणता शब्द साक्षीदाराचा आणि कोणता आपला, हे त्या वह्या उद्या कोणालाही सांगू शकणार नाहीत.